बर्लिनचा कोटवाला नगरसेवक

बर्लिनच्या वेडिंग भागातल्या या लाल विटांच्या भिंती नीट बघा. बरंचसं पडलंय, तरी भिंती तग धरून आहेत. 1896 साली इथे 700 बेघर पुरुषांच्या रात्रीच्या निवाऱ्याची सोय झाली. आंघोळीला पाणी, पोटाला काहीतरी, पाठ टेकायला जागा. रात्री अंगावरचे कपडे घेऊन ते निर्जंतुक करायचे आणि सकाळी ज्याचे त्याला परत द्यायचे. दारात नाव-गाव कुणी विचारायचं नाही आणि पोलिसांना आत प्रवेश नाही, हा इथला नियम.

हा निवारा चालवणारी संस्था 1868 साली निघाली. तिच्या पहिल्या मंडळींमध्ये एक तरुण व्यापारी होता, पाउल सिंगर. जन्म बर्लिनचाच, 1844 चा, ज्यू घरातला. वडिलांचं छत्र लवकर हरपलं. शाळा सुटली आणि व्यापाऱ्याकडे उमेदवारी सुरू झाली. 1869 मध्ये त्यानं भाऊ हाइनरिश याच्याबरोबर बायकांच्या तयार कोटांचा धंदा टाकला.

हा धंदा कसा चालायचा, ते समजून घ्यायला हवं. कापड बेतलं जायचं व्यापाऱ्याकडे. तिथून ते जायचं मधल्या ठेकेदाराकडे आणि त्याच्याकडून चाळींतल्या अंधाऱ्या खोल्यांमध्ये. तिथे बाई मशीनवर वाकलेली. अस्तर लावायचं, काजं करायची, बटणं टाकायची. मजुरी नगावर. हंगाम संपला की कामही संपलं. बर्लिनचे कोट परदेशात जात होते, ते या हातांच्या जोरावर.

सिंगरचा पैसाही याच धंद्यातला. समाजवादी म्हणवतोस आणि शिवणाऱ्या बायकांना मजुरी काय देतोस, असं विरोधक त्याला विचारत. त्यांचे हेतू काहीही असोत, प्रश्न खरा होता. पुढच्या गोष्टी सांगताना तो झाकून ठेवावा असं मला वाटत नाही.

1883 मध्ये सिंगर बर्लिनचा नगरसेवक झाला. त्या काळी मतदारांचे, कोण किती कर भरतो त्यावरून, तीन वर्ग पाडलेले. शहरातले बहुतेक मतदार तिसऱ्या वर्गात, पण त्यांच्या वाट्याला जागा एक तृतीयांशच. गुप्त मतदान नव्हतं. अधिकाऱ्यांसमोर उभं राहून उमेदवाराचं नाव मोठ्यानं सांगायचं! समाजवादी पक्षावर तेव्हा बंदीचा कायदा होता. मालकाच्या कानावर गेलं तर नोकरीवर पाणी. तरीही कामगार पुढे आले आणि सिंगरचं नाव घेऊन गेले. ते धैर्य आज आपल्याला कल्पनेतसुद्धा जड जातं.

पुढच्याच वर्षी तो राइशटागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत गेला. कामगार चळवळीत पोलिसांनी पेरलेल्या खबऱ्यांचं बिंग त्यानं तिथे फोडलं. 1886 मध्ये सरकारनं त्याला बर्लिनमधून हद्दपार केलं. जन्मगाव सोडून तो ड्रेस्डेनला गेला. 1887 मध्ये कोटांच्या धंद्यातूनही बाहेर पडला आणि उरलेलं आयुष्य त्यानं पक्षाला दिलं. समाजवाद्यांवरच्या बंदीच्या कायद्याची मुदत 1890 मध्ये संपली. त्या वर्षापासून अखेरपर्यंत तो पक्षाच्या अध्यक्षांपैकी एक होता, बरीच वर्षं आउगुस्ट बेबेल यांच्या जोडीनं.

एक धागा आपल्याकडेही येतो. ऑगस्ट 1907 मध्ये स्टुटगार्टच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मुंबईच्या मादाम कामांनी भारताचा ध्वज फडकवला. त्या परिषदेच्या अध्यक्षस्थानी पाउल सिंगर होते.

संसद, पक्ष, परिषदा सगळं सांभाळूनही नगरसेवकपद त्यांनी सोडलं नाही. 31 जानेवारी 1911 ला गेले, तेव्हाही ते बर्लिनचे नगरसेवकच होते.

5 फेब्रुवारी, रविवार. कामाला सुट्टी. फ्रीडरिशफेल्डेच्या दफनभूमीकडे अंत्ययात्रा निघाली आणि बर्लिनचे कामगार लाखोंनी रस्त्यावर आले. या खेपेला कुणाचं नाव घेतोय, हे कोणत्याही अधिकाऱ्याला सांगावं लागणार नव्हतं.