पंचगंगेनं समुद्राकडं पाठ का फिरवली?
(कोल्हापुरातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मला पन्नास मिनिटं दिली होती. त्यातली बारा सत्कारात गेली. आपल्याकडं फेटा बांधल्याशिवाय वक्त्याला बोलू देत नाहीत, आणि बांधल्यावर त्याला काही ऐकू येत नाही. तेव्हा मागच्या रांगेतून कुणी 'आवाज येईना' म्हणून ओरडलं तर उपयोग नाही, आधीच सांगून ठेवतो.

विषय पत्रिकेवर छापलेला आहे. भोगावती उगम पावते दाजीपूरच्या बाजूला. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटर. सकाळी निघालेली नदी दुपारच्या जेवणाला देवगडला पोचायला हवी. पण नाही. ती तोंड फिरवते, इकडं येते, तुळशी, कुंभी, कासारीला बरोबर घेते आणि पंचगंगा होते. पाचवी सरस्वती गुप्त आहे. ते बरंच आहे, निदान तिला तरी पूर येत नाही. पुढं नृसिंहवाडीला कृष्णा भेटते आणि मग कर्नाटक, तेलंगण, आंध्र असा प्रवास करत हे पाणी हंसलादीवीजवळ बंगालच्या उपसागरात पडतं. कृष्णेची एकूण लांबी १४०० किलोमीटर. दाराशी समुद्र असताना एवढा वळसा! वाटेत कर्नाटकातलं अलमट्टी धरण लागतं, आपल्या पुराचं खापर आपण ज्याच्यावर फोडतो ते... बघा, अलमट्टीचं नाव काढलं आणि सभागृह जागं झालं. त्यावर मी आज बोलणार नाही. मला घरी जायचंय.

तर हे असं का, ते सांगायच्या आधी एक छोटी गोष्ट. दोन मिनिटांची.

मध्यंतरी पुण्याचे पाहुणे आले होते. म्हटलं, यांना टाऊन हॉलच्या संग्रहालयातला समुद्रदेव दाखवू. शिवाजी चौकात रिक्षा केली, टाऊन हॉल म्हणालो. रिक्षावाला म्हणाला, "टाऊन हॉलात काय काम काढलंसा, मामा?" म्हटलं, समुद्राचा देव बघायचाय. त्यानं आरशातून माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "मग गणपतीपुळ्याला जावा की! हितं कुठला समुद्र?"

त्याची चूक नाही. या सभागृहात तो समुद्रदेव, म्हणजे पोसायडन, बघितलेले किती आहेत? हात वर करा. चार. आणि त्यातले एक आमचे मेहुणे, त्यांना मीच ओढून नेलं होतं. ब्रह्मपुरीची टेकडी आपण रोज बघतो, पंचगंगेच्या काठावरची. तिथं राजाराम कॉलेजच्या प्राध्यापक कुंदणगारांच्या देखरेखीखाली खोदकाम झालं आणि ब्राँझच्या वस्तूंचा एक साठाच हाती लागला. पाठोपाठ १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी पद्धतशीर उत्खनन केलं. त्या साठ्यात हत्तीवर बसलेले स्वार आहेत, आणि वीतभर उंचीचा हा ग्रीकांचा समुद्रदेव आहे. रोमन साम्राज्यात घडलेला. एक हात उंचावलेला. त्या हातात त्रिशूळ असणार, ते आता नाही. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला बोटीत घातलं, कोकणातल्या एखाद्या बंदरावर उतरवलं आणि बैलाच्या नाहीतर माणसाच्या पाठीवरून घाट चढवून इथं आणलं. तेव्हा इथं सातवाहनांच्या काळातले 'कुर' नावाचे राजे होते. त्यांची धनुष्यबाणाची नाणी याच भागात सापडली, त्यातल्या एकाचं नाव विळिवायकुर. आणि टॉलेमी नावाचा भूगोलकार तिकडं अलेक्झांड्रियात बसून दुसऱ्या शतकात लिहितो की हिप्पोकुरा ही बालेओकुरोसची राजधानी. हा बालेओकुरोस म्हणजे आपला विळिवायकुर, असं बरेच अभ्यासक मानतात. नावाचं जे काय झालं ते झालं. आपणही परदेशी क्रिकेटपटूंच्या नावाचं तेच करतो.

पाहुण्यांनी पोसायडन दोन मिनिटं बघितला, छान म्हणाले, आणि विचारलं, पांढरा रस्सा कुठला चांगला?

आता समुद्राचा विषय निघालाच आहे तर फ्लॉरेन्सचं सांगायलाच पाहिजे. घड्याळाकडं बघू नका. आम्ही उभयता एका यात्रा कंपनीबरोबर युरोपला गेलो होतो. अकरा दिवसांत सात देश. फ्लॉरेन्सला साडेतीन तास, त्यातला एक चामड्याच्या दुकानात. कोल्हापूरच्या माणसाला चामडं विकायला नेतात, आता काय बोलणार! मी मार्गदर्शकाला म्हटलं, मला आमच्या महाराजांना भेटायचंय. तो म्हणाला, कार्यक्रमात नाही. मी म्हटलं, मग मी पण कार्यक्रमात नाही. आणि टॅक्सी केली. सौभाग्यवतींनी पुढचे दोन देश माझ्याशी अबोला धरला. ते दोन्ही देश मला फार आवडले.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. वय वीस. १८७० साली इंग्लंडला गेले, परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथंच वारले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. मृतदेह जाळायचा ही कल्पनाच त्या लोकांना नवी, तशी पद्धतच नव्हती. बरोबरच्या मंडळींनी धरून ठेवलं: दहन झालं पाहिजे आणि नदीच्या संगमावर झालं पाहिजे. शेवटी शहराबाहेर परवानगी मिळाली. आर्नो नदीला मुन्योने नावाचा ओढा मिळतो तिथं चिता रचली गेली. पंचगंगा जिथं होते तो प्रयाग चिखलीचा संगम बघितलेल्या माणसांनी परक्या मुलखात संगम शोधून काढला, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. आज तिथं छत्रीखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे, १८७४ सालचा, फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकारानं केलेला. शेजारून मोठा पूल जातो, १९७०च्या दशकातला. त्याचं नाव 'पोन्ते आल्ल इंडियानो'. म्हणजे भारतीयाचा पूल. आता माझी तक्रार अशी की इंडियानो काय? कोल्हापुरियानो म्हणा की! तिथं बाकावर एक म्हातारबाबा बसले होते. मी छातीवर हात ठेवून 'कोल्हापूर, कोल्हापूर' म्हटलं, पुतळ्याकडं बोट दाखवलं. त्यांना वाटलं माझ्या छातीत दुखतंय. ते पाणी आणायला धावले.

चिठ्ठी आली. 'सात मिनिटं.' बरं. मूळ विषय.

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरांवर थर साचले. आपला काळा दगड तोच. त्याच सुमारास पश्चिमेकडून सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटला. जमीन अशी फाटते तेव्हा फाटलेली कड वर उचलली जाते. पत्र्याची एक बाजू उचला, पाणी दुसरीकडं पळणार. पश्चिमेची कड उंच, उतार पूर्वेला. म्हणून कृष्णा, भीमा, गोदावरी सगळ्या समुद्राशेजारी जन्मतात आणि पाठ फिरवतात. सह्याद्री डोंगर म्हणून उभा राहिलेला नाही, ती पठाराची तुटलेली कड आहे. कोकणातून बघा, भिंत दिसते. कोल्हापूरकडून जा, घाट कधी आला कळतही नाही.

पाऊसही त्याच कडेमुळं. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, आणि त्याच जिल्ह्यात शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तरी पूर शिरोळला. कारण गगनबावड्याचं पाणी शिरोळवरून जातं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची धोका पातळी आपण पावसाळ्यात देवाच्या नावासारखी घोकतो. ते पाणी खरं तर विजयदुर्गाकडं जाणारं, उतारानं आपल्या अंगणात आणून सोडलेलं. राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांबद्दलही बोलायचं होतं, ते राहिलं.

शेवटचा मुद्दा, पळत सांगतो. कोकणच्या बाजूचे ओढे आखूड आणि तीव्र उताराचे. ते आपल्या उगमाकडची जमीन मागं मागं खात येतात. त्यामुळं घाटाची कड कोट्यवधी वर्षं पूर्वेला सरकत आली आहे. कधीतरी असा एखादा ओढा आपल्या नदीच्या माथ्याला जाऊन भिडतो आणि तिचं वरचं पाणी कोकणात ओढून नेतो. भूगोलात याला नदीचौर्य म्हणतात. म्हणजे भोगावतीचं पाणी देवगडला जाऊ शकतं, फक्त काही लाख वर्षं...

दुसरी चिठ्ठी आली. यात नुसतं 'चहा' लिहिलंय.