टार्गेट आठ, खाती खोटी: वेल्स फार्गोत नेमकं काय घडलं?

नमस्कार मंडळी! आजची गोष्ट आहे अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेची. पण मार्च एंडला ज्याने शाखेत बसून आकडे जुळवलेत, त्याला ती फार परकी वाटणार नाही.

या बँकेचा एक मंत्र होता, 'एट इज ग्रेट'. म्हणजे प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात बँकेच्या आठ गोष्टी मारायच्या. बचत खातं, चालू खातं, क्रेडिट कार्ड, ऑनलाइन बँकिंग... काहीही, पण आठ. आता आठच का? सीईओ जॉन स्टम्फ यांनी 2010च्या वार्षिक अहवालात कारण दिलंय: 'एट'चं 'ग्रेट'शी यमक जुळतं. खरंच सांगतोय. लाखो ग्राहक, हजारो शाखा, आणि टार्गेट ठरलं यमकावर!

आता काउंटरवर बसलेल्या माणसाचं बघा. किती खाती झाली, याची विचारणा दिवसातून अनेकदा. जानेवारीत तर खास मोहीम, टार्गेट आणखी वर. मित्रांची, नातेवाइकांची यादी काढा म्हणायचे. ती यादी संपली की काय करणार? मग ग्राहकाला न विचारताच खाती उघडली जायला लागली. नवं खातं चालू दिसावं म्हणून त्याच ग्राहकाचे थोडे पैसे तिकडे वळवायचे, नंतर परत आणायचे. ग्राहकाला पत्ता लागू नये म्हणून काही ठिकाणी फोन नंबर आणि ईमेलही बनावट टाकले.

सप्टेंबर 2016मध्ये 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला. संशयित खाती सुमारे 20 लाख. पुढच्या तपासणीत हा आकडा 35 लाखांवर गेला. आणि पाच वर्षांत कामावरून काढलेली माणसं? 5,300.

पाच-पन्नास लोकांनी लबाडी केली तर ती त्यांची लबाडी म्हणू. 5,300 लोक एकाच प्रकारे लबाडी करत असतील, तर प्रश्न वरच्यांना विचारायला हवा.

बँकेत नियम नव्हते असं अजिबात नाही. ट्रेनिंग होतं, तक्रारीसाठी एथिक्स हॉटलाइन होती. लॉस एंजलिसमधल्या एका मॅनेजरने 2010मध्ये आपल्या हाताखालच्या दोघांबद्दलचा संशय वरिष्ठांना आणि त्या हॉटलाइनला कळवला. त्याची नोकरी गेली. अमेरिकेच्या कामगार खात्याने 2017मध्ये आदेश दिला की त्याला परत घ्या आणि सुमारे 54 लाख डॉलर द्या. पण मधली सात वर्षं? तक्रार केलेल्या माणसाचं काय होतं, हे ऑफिसात सगळे बघत असतात. त्यानंतर भिंतीवर कितीही पोस्टर लावा, कोण तोंड उघडणार?

स्टम्फ साहेब सिनेटपुढे उभे राहिले. माफी मागितली, पण तोवर नारळ मिळाला होता तो मुख्यतः खालच्या लोकांना. सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी तोंडावर सांगितलं, हे भेकड नेतृत्व आहे. पुढच्याच महिन्यात स्टम्फ यांनी पद सोडलं. 2020मध्ये त्यांना पावणेदोन कोटी डॉलरचा दंड आणि बँकिंगमधून आजन्म बंदी. बँकेवर 2018मध्ये वाढीची मर्यादा लादली गेली होती, ती उठायला जून 2025 उजाडला.

तुम्ही टीम लीड असाल तर एक करून बघा. कुणी टार्गेट दुप्पट केलं की आपण टाळ्या वाजवतो, पेढे मागतो. त्याच मीटिंगमध्ये त्याला विचारा, 'कसं जमवलंस रे, जरा दाखव.' संशय घ्यायचा नाही, नुसतं बघायचं. काम खरं असेल तर तो खुशीने दाखवेल आणि बाकीचे शिकतील. आणि एप्रिल उजाडताच मोडायच्या बोलीवर उघडलेली एफडी असेल... तर तेही तिथेच कळेल.

दुसरं, 'सर, एवढं होणार नाही' असं म्हणणाऱ्याला तुम्ही चारचौघांत काय उत्तर देता? त्यावर बाकीचे ठरवतात, तुम्हाला खरा आकडा सांगायचा की तुम्हाला आवडणारा.

तुमच्या ऑफिसात असं टार्गेट कधी आलंय का, जे सरळ मार्गाने होणारच नव्हतं? कंपनीचं नाव न घेता खाली लिहा.