ओलीवरचं पीक

सोलापूर. डिसेंबरची सकाळ. कणसांवरचं दव अजून उडालेलं नाही, पण संशोधन केंद्रातल्या ज्वारीच्या या प्लॉटवर माणसं केव्हाच कामाला लागलीत. ऊन चढायच्या आत परागीकरण उरकायला हवं.

या मावशींचे हात पाहा. काल दुपारी त्यांनी याच कणसातल्या एकेका फुलातले पुंकेसर चिमट्याने अलगद काढले. फूल केवढं, तर ज्वारीच्या दाण्याएवढंसुद्धा नाही. एखादा पुंकेसर आत राहिला, तर ते फूल स्वतःच फळतं आणि तिथला संकर फसतो. म्हणून वर कागदी पिशवी, तिला टाचणी, आणि पेन्सिलीने लिहिलेली तारीख. आता ती पिशवी निघते, दुसऱ्या वाणाचा पिवळाधमक पराग कणसावर झटकला जातो, पिशवी पुन्हा चढते. यातून हाती येणार मूठभर दाणे. ते पुढच्या रब्बीत पेरायचे, त्यातली टिकलेली ताटं निवडायची, पुन्हा पेरायची. अशा सहा-सात पिढ्या.

आणि हे सगळं कशासाठी, ते खाली बघितलं की कळतं. ही भेग. मनगटापर्यंत हात आत जातो. ऑक्टोबरात पाऊस संपतो, पुढे रब्बीची ज्वारी जगते ती जमिनीतल्या ओलीवर. दाणा भरायच्या ऐन वेळी ओल संपते, भेगाळणाऱ्या मातीत मुळं तुटतात. त्यातच खडखड्या हा बुरशीचा रोग आला, की ताट आतून पोकळ होऊन आडवं पडतं.

सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं 1933 साली. त्याच दशकात जवळच्या मोहोळला, शेतकऱ्यांच्याच मालदांडी या गावरान ज्वारीतून निवडून ‘मालदांडी 35-1’ तयार झाली. तिच्या भाकरीची चव आजही आपण विसरलेलो नाही. 1968 मध्ये राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि पुढे या विद्यापीठाने जमिनीची खोली बघून वाण दिले: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. मुरमाड रानवाल्याचाही विचार कुणीतरी केला, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

जगात आजही 60 कोटींहून अधिक माणसं अर्धपोटी आहेत, आणि सुदानपासून नायजरपर्यंत कोट्यवधी माणसांच्या घरांत ज्वारी शिजते. तिथलंही आभाळ असंच बेभरवशाचं.

ही केंद्राजवळच्याच वस्तीवरची चूल. पीठ मळलं, काठवटीत भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. आता ती फुगेल.

आणि हा पुन्हा प्लॉट. मावशी शेजारच्या ओळीत शिरल्यात. इथल्या पिशवीवर पेन्सिलीने तारीख आहे, आणि खाली लिहिलंय: पिढी चौथी.