कुरळ्या केसांची लांबी राखताना

उपस्थित भगिनींनो, मुलींनो आणि मुलींसोबत आलेल्या पालकांनो,

‘हिचे केस काही वाढतच नाहीत’ हे वाक्य आपल्या खान्देशात कुरळ्या केसांच्या बहुतेक मुलींच्या कानावर लहानपणापासून पडते. केस खांद्यापर्यंत येतात आणि वर्षानुवर्षे तेथेच थांबतात. मग कोणी जास्वंदीचे तेल सुचवते, कोणी वारंवार टोके कापायला सांगते, तर कोणी ‘घराण्याचेच केस असे’ म्हणून विषय मिटवते. मी रसायनशास्त्र शिकवते आणि माझे स्वतःचे केसही कुरळे आहेत, त्यामुळे या प्रश्नाकडे मी दोन्ही अंगांनी पाहत आले आहे. माझे म्हणणे असे आहे की या मुलींचे केस वाढतच असतात. मुळाशी जेवढे वाढतात जवळजवळ तेवढेच टोकाशी तुटतात, म्हणून ते वाढलेले दिसत नाहीत.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला सुमारे १५ सेंटिमीटर. एका केसाची वाढ २ ते ६ वर्षे चालते, नंतर तो काही महिने विसावतो आणि गळतो. या हिशेबाने ६० सेंटिमीटर लांब केसाचे टोक सुमारे ४ वर्षांपूर्वी उगवलेले असते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो आणि त्या टोकाने असे ४ उन्हाळे सोसलेले असतात. मुळाला तेल चोळण्यात आपण अर्धा तास घालवतो आणि केसाच्या सर्वांत जुन्या, सर्वांत झिजलेल्या या टोकांकडे मात्र आपले लक्ष नसते. टोक वारंवार कापल्याने मुळाशी वाढ वेगाने होत नाही, कारण त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो आणि टोकाला काय झाले हे मुळाला कळण्याची कोणतीही सोय शरीरात नाही.

आता केसाची रचना थोडी समजून घेऊ, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. केसाचा गाभा केराटिन या प्रथिनाचा असतो आणि त्याभोवती चपट्या, पारदर्शक खवल्यांचे ५ ते १० थर असतात. या खवल्यांच्या मोकळ्या कडा टोकाच्या दिशेने असतात. सर्वांत बाहेर स्निग्ध पदार्थाचे अतिसूक्ष्म आवरण रासायनिक बंधाने जोडलेले असते. त्यामुळे नवा केस गुळगुळीत लागतो आणि पाणी चटकन शोषून घेत नाही. ऊन, सोड्याचा साबण, ब्लीच आणि रोजचे घर्षण यांनी हे आवरण निघून जाते आणि एकदा गेले की त्या जागी ते पुन्हा तयार होत नाही. कुरळ्या केसाचे मूळच वाकडे असते आणि त्याचा आडवा छेद गोल नसून लंबगोल असतो. प्रत्येक वळणावर खवले थोडे उचललेले असतात, ताणही तेथेच एकवटतो. शिवाय डोक्याच्या त्वचेतून पाझरणारे तेल सरळ केसावरून खाली उतरते, पण वळणावळणाच्या केसावर ते वरच अडकते. म्हणून एकाच मुलीचे डोके तेलकट आणि टोके कोरडी असू शकतात आणि तिला दोन्हीकडे वेगवेगळी वागणूक द्यावी लागते.

गुंता का होतो, याचे उत्तर बहुतेकांना अपेक्षित नसते. माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतात आणि हे अगदी नैसर्गिक आहे. सरळ केसांच्या मुलीचे गळलेले केस उशीवर, जमिनीवर, कंगव्यात पडून जातात. कुरळ्या केसांत मात्र गळलेला केस खाली पडत नाही. तो शेजारच्या वळणांत अडकून राहतो, त्याभोवती दुसरे केस गुंडाळले जातात आणि त्या जागी गाठ बसते. चार दिवसांनी केस विंचरले की भला मोठा पुंजका हाती येतो आणि आई घाबरून म्हणते की विंचरल्यामुळे केस गेले, आता विंचरूच नको. मग आठवडाभर विंचरणे थांबते, गाठी वाढतात आणि पुढच्या वेळी त्या सोडवताना चांगले, जिवंत मुळाचे केस खरोखरच तुटतात. हातात आलेला केस गळला आहे की तुटला आहे, हे ओळखता येते. गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असतो, तोच त्याचा कंद. आणि त्याची लांबी इतर केसांएवढी असते. तुटलेला केस आखूड असतो आणि त्याला कंद नसतो. पुंजक्यात कंद असलेले केस जास्त असतील तर ती बहुतेक साचलेली रोजची गळती समजावी. आखूड तुकडेच तुकडे असतील तर हात, कंगवा आणि पद्धत बदलण्याची वेळ आली आहे.

विंचरण्याबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण माझ्या मते लांबीचा निम्मा प्रश्न येथेच सुटतो. ‘ओले केस विंचरू नयेत’ असे आपण लहानपणापासून ऐकतो आणि त्यात तथ्य आहे. पाणी शिरले की केराटिनमधील हायड्रोजन बंध सुटतात, केस मऊ पडतो, जास्त ताणला जातो, आणि मूळ लांबीच्या ३० टक्क्यांपलीकडे ताणला गेला की तो पूर्ववत होत नाही. पण सरळ केसांसाठी योग्य असलेला हा नियम कुरळ्या केसांना जसाच्या तसा लावता येत नाही. कोरड्या कुरळ्या केसांतून कंगवा ओढायला इतका जोर लागतो की केस कोरडा आणि मजबूत असूनही तुटतो. तेच केस ओले असताना त्यांना भरपूर कंडिशनर लावले तर वळणे थोडी सैल होतात, घर्षण एकदम उतरते आणि अगदी थोड्या जोराने गुंता सुटतो. केस किती मजबूत आहे यापेक्षा त्यावर किती ओढ पडते, हे येथे निर्णायक ठरते. नुसत्या पाण्याने ओल्या केसांत कंगवा घालणे मात्र सर्वांत वाईट.

तेव्हा आंघोळीच्या वेळी, कंडिशनर लावलेले असताना, केसांचे चार किंवा सहा भाग करावेत. आधी बोटांनी चाचपून गाठी शोधाव्यात आणि शक्य तेवढ्या बोटांनीच सोडवाव्यात. मग रुंद दातांचा, कडा गुळगुळीत असलेला कंगवा घेऊन टोकापासून चार बोटे वर सुरुवात करावी, तेवढा भाग मोकळा झाला की आणखी चार बोटे वर सरकावे आणि असे करत मुळापर्यंत जावे. गाठीच्या वरचा केस दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट धरावा, म्हणजे ओढ मुळाला बसत नाही आणि लहान मुलगी रडत नाही. मुळापासून खाली कंगवा ओढला की वाटेतल्या सगळ्या लहान गाठी खाली ढकलल्या जाऊन एकच मोठी गाठ होते. बारीक दातांची फणी फक्त उवा-लिखांसाठी बाहेर काढावी, आणि तीही कंडिशनर लावून, मोठ्या कंगव्याने केस पूर्ण मोकळे केल्यानंतर.

धुण्याची पद्धतही गुंता वाढवते किंवा टाळते. सगळे केस डोक्यावर गोळा करून दोन्ही हातांनी फेस काढण्याची आपली सवय कुरळ्या केसांना घातक आहे. शाम्पू पाण्यात पातळ करून फक्त डोक्याच्या त्वचेला बोटांच्या पेरांनी लावावा. टोकांना खाली ओघळणारा फेस पुरतो. पाणी तांब्याने वरून खाली सोडावे. शिकेकाई-रिठ्याला माझा विरोध नाही, परंतु त्यांची पूड थेट केसांत चोळली की तिचे कण वळणांत अडकतात आणि कंगव्याखाली खवले खरवडतात. म्हणून काढा करून तो वस्त्रगाळ करावा. आपल्याकडे अनेक गावांत बोअरचे पाणी जड आहे. ज्या पाण्यात डाळ नीट शिजत नाही, त्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट साका तयार करतात आणि तो केसांवर बसतो. अशा घरांत अंगाचा किंवा कपड्यांचा साबण केसांना मुळीच लावू नये आणि शेवटचे एक-दोन तांबे पिण्याच्या गोड्या पाण्याचे घ्यावेत. पावसाळ्यात पत्र्यावरचे स्वच्छ पाणी मिळाले तर त्याहून चांगले नाही. कंडिशनर चैनीची वस्तू आहे, असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात. पण झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार जास्त असतो आणि कंडिशनरमधील धन भाराचे रेणू नेमके तेथे जाऊन चिकटतात; लहानशी बाटलीही कानाखालच्या केसांपुरती वापरली तर बरेच दिवस पुरते.

तेलाविषयी मुंबईच्या दोन संशोधकांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली तेव्हा धुताना आणि विंचरताना होणारा प्रथिनांचा ऱ्हास फक्त खोबरेल तेलाने कमी झाला. त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो. खोबरेल नवे केस उगवत नाही. ते असलेल्या केसाला पाण्याने फुगण्यापासून वाचवते. म्हणून ते न्हाण्याच्या आदल्या रात्री किंवा काही तास आधी, टोकांपासून वरच्या दिशेने, हाताने हलकेच दाबत लावावे. कोरड्या, गुंतलेल्या केसांवर जोरजोरात चंपी करणे म्हणजे हाताने गाठी मारणे आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत, शेतात किंवा जिनिंगवर काम करणाऱ्या भगिनींनी तेल लावून उघड्या केसांनी जाऊ नये, धूळ आणि तंतू त्यात रुततात. डोक्याला बांधायच्या रुमालाला आतून जुन्या रेशमी साडीचा तुकडा शिवला तर सुती कापडाचे घासणे टळते. त्याच साडीचा उशीला अभ्रा करता येतो. न्हाल्यावर पंचा पिळून केसांवर झटकण्याची पद्धत मात्र पूर्ण सोडावी. जुन्या मऊ सुती कापडात केस दाबून पाणी टिपावे आणि रात्री सैल वेणी घालून झोपावे.

आता मी जटेबद्दल बोलते, कारण गुंत्याचे हे टोक अजूनही आपल्या गावागावांत दिसते. लोकर भिजवून, मळून, दाबून घोंगडी घट्ट करतात तेव्हा लोकरीच्या तंतूंवरचे एकाच दिशेचे खवले एकमेकांत रुतत जातात आणि मागे सरकू शकत नाहीत. माणसाच्या केसातही हेच घडते. दीर्घ आजारपणात, बाळंतपणात किंवा मन खचलेले असताना कित्येक दिवस केस विंचरले गेले नाहीत, गळलेले केस आतच राहिले, त्यावर तेल, घाम आणि धूळ बसली की जट तयार होते. ती देवीची खूण नाही आणि ती कापल्याने कोणाचा कोप होत नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी राज्यात अनेक स्त्रियांना समजावून, त्यांच्या संमतीने जटा काढल्या आहेत आणि मानदुखी, खाज व दुर्गंधी यांतून त्यांना सोडवले आहे. जट नुकतीच धरत असेल तर कंडिशनर किंवा तेल मुरवून कडेपासून एकेक बट बोटांनी मोकळी करावी. त्याला दोन-तीन दिवस लागले तरी चालतील. घरात कोणी अंथरुणाला खिळणार असेल, तर पहिल्याच दिवशी तिची सैल वेणी घालून द्यावी.

केस मुळासकट पुष्कळ गळत असतील तर मात्र ही सारी काळजी अपुरी आहे. टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी अशी गळती होते आणि बहुतेक वेळा आपोआप थांबते. न थांबल्यास डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, लोह आणि थायरॉइड तपासून घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. बायोटिन या ब गटातील जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्याची कमतरता क्वचितच असते आणि त्या गोळ्यांमुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात.

लग्नसराईत केस कायमचे सरळ करून घेण्याची लाट येते. त्या प्रक्रियेत केराटिनमधले गंधकाचे बंध तोडून नव्या आकारात बसवतात. मुळाशी उगवणारा केस पुन्हा कुरळाच असतो आणि जुना सरळ भाग व नवा कुरळा भाग जेथे मिळतात, तेथे केस हमखास तुटतो. लांबी हवी असणाऱ्या मुलीने हा विचार आधी करावा. फाटे फुटलेले टोक कोणत्याही औषधाने सांधले जात नाही. फाटा वर चढण्याआधी तेवढेच टोक धारदार कात्रीने कापावे. एकाच केसाची स्वतःभोवती बसलेली बारीक गाठ असते, तीही ओढू नये, गाठीच्या लगेच वर कापावी. लांबी मोजताना कुरळा केस ओला असताना हलकेच सरळ धरून मोजावा, नाहीतर आखडलेल्या वळणांमुळे वर्षभराची वाढ दिसतच नाही.

येथे बऱ्याच शिक्षिका आल्या आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. दोन घट्ट वेण्या, त्या वर दुमडून रिबिनीने आवळलेल्या, हा अनेक शाळांचा नियम आहे. कुरळ्या केसांच्या मुलीचा केस त्या दुमडीपाशी रोज एकाच जागी मोडतो आणि कपाळावरच्या, कानामागच्या मुळांवर सतत ताण राहिला तर तेथील केस कायमचे विरळ होऊ शकतात. अशा मुलींना एक सैल वेणी घालू द्यावी, रबराऐवजी कापडी बंध चालू द्यावा आणि येत्या जूनमध्ये शाळा उघडताना पालकांना ते लेखी कळवावे.