वेबसाइटच्या आधी वही

नमस्कार श्रोतेहो.

"वेबसाइट करायचीय, किती खर्च येईल?" हा प्रश्न हल्ली सांगलीच्या गणपती पेठेतल्या भुसाराच्या दुकानापासून तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्यापर्यंत सगळे विचारतात. प्रश्न बरोबर आहे, पण घाईचा आहे. खोल्या किती हे ठरलं नसताना गवंडी तरी काय दर सांगणार? म्हणून आधी एक शंभर पानी वही घ्या आणि गल्ल्याशेजारी ठेवा.

आठ दिवस एकच काम करायचं. फोनवर, व्हॉट्सॲपवर, दुकानात गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. समजा, तुमचा बेदाण्याचा व्यवसाय आहे. प्रश्न असे येतील: माल यंदाचा की गेल्या हंगामाचा? हिरवा की पिवळा? देठ काढलेत का? किलो कसा दिला? पुण्याला कधी पोचेल? पंधरा किलोची पेटी घेतली तर काही कमी कराल का? तोच प्रश्न पुन्हा आला की पुढे एक रेघ मारा. आठव्या दिवशी ज्या प्रश्नांपुढे सगळ्यात जास्त रेघा असतील, त्यांची उत्तरं वेबसाइटच्या पहिल्या पानावर, वरच्या अर्ध्या भागात आली पाहिजेत. आजोबांचा फोटो आणि दुकानाचा इतिहास जरूर टाका, पण त्यांच्यासाठी शेवटचं पान आहे. वहीत त्यांच्याबद्दल एकाही गिऱ्हाइकानं विचारलेलं नसतं.

वहीचा दुसरा उपयोग शब्दांचा. आपण 'बेदाणा' म्हणतो, मुंबईचा माणूस 'मनुके' म्हणतो, हिंदी बोलणारा 'किशमिश' शोधतो. तिन्ही शब्द मजकुरात सहज यायला हवेत, नाहीतर शोधणारा तुमच्यापर्यंत पोचणारच नाही.

मग ठरवा की वेबसाइटनं तुमच्यासाठी नेमकं कोणतं काम करायचं. किरकोळ गिऱ्हाइकाला घरपोच माल विकायचा, घाऊक चौकशी आणायची, की माणूस दुकानापर्यंत यायला हवा? पहिल्या वर्षी यातलं एकच धरा. माल आठ-दहा प्रकारचाच असेल आणि दर सौद्यांप्रमाणे हलत असेल, तर ऑनलाइन खरेदीची पूर्ण यंत्रणा उभारायची घाई नको. प्रत्येक मालाखाली व्हॉट्सॲपचं बटण पुरतं. दर मात्र लिहा, आणि शेजारी तो कोणत्या तारखेपर्यंतचा आहे तेही लिहा. 'दरासाठी संपर्क करा' वाचून बरेच जण संपर्क न करताच पुढच्या दुकानाकडे वळतात. आणि दिवाळीत लिहिलेला दर गुढीपाडव्याला तसाच दिसला, तर फोनवर वाद ठरलेला. दर आठवड्याला दर कोण बदलणार, त्याचं नाव आजच वहीत लिहून ठेवा.

आता मराठी मजकुराची एक अडचण, ती आपल्याकडे हमखास येते. दुकानाचं पत्रक छापखान्यात श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये तयार झालेलं असतं. त्या फॉन्टमध्ये मराठी फक्त दिसते, आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं. तोच मजकूर वेबसाइटवर चिकटवला की 'हळद'च्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. मग वेबसाइट करणारा सोपी वाट काढतो, अख्ख्या पत्रकाचा फोटोच पानावर डकवतो. फोनच्या पडद्यावर अक्षरं मुंगीएवढी होतात, बोट ठेवून नंबर लावता येत नाही आणि शोधयंत्राला त्यातलं फारसं काही कळत नाही. उपाय एकच, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक फोनला आणि संगणकाला कळणाऱ्या अक्षरपद्धतीत हवा. जुना मजकूर बदलून देणारी साधनं आहेत, पण बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. घोटाळा तिथंच होतो.

फोटोंचंही तसंच. फोननं काढलेला एक फोटो तीन-चार एमबीचा असतो. असे दहा टाकले तर खेड्यातल्या नेटवर गिऱ्हाईक वाट बघून निघून जातं. रुंदी सुमारे १२०० पिक्सेल आणि आकार २०० केबीच्या आत आणा. फोटो सकाळी खिडकीजवळ काढा. पिवळ्या बल्बखाली हिरवा बेदाणा तांबूस दिसतो आणि माल पोचल्यावर 'दाखवला एक, दिला दुसरा' ही तक्रार येते.

माल पाठवायचा असेल तर वजनाचं गणित आधी करा. एक किलो बेदाणा पिशवीत, पिशवी खोक्यात, वर टेप. पार्सल अकराशे ग्रॅमच्या घरात जातं. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यानं दर लावणारा कुरियरवाला मग दीड किलोचे पैसे घेतो. वेबसाइटवर तुम्ही किलोचा वाहतूक खर्च लिहून बसलेला असता आणि फरक खिशातून जातो. म्हणून बांधलेलं पार्सल काट्यावर ठेवूनच दर ठरवा. पैसे ऑनलाइन घ्यायचे तर पेमेंट गेटवेवाले, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे तुमच्या खात्यात पोचवणाऱ्या कंपन्या, खातं उघडण्याआधी संपर्काचा पत्ता, माल परतीचे नियम, पोचवण्याची मुदत आणि खासगी माहितीचं धोरण पानावर मागतात. खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांकही द्या. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे माल त्या भागाचा असल्याची कायदेशीर ओळख, मिळालं हे खरं, पण ते चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेल्यालाच लावता येतं. माल सांगलीचा आहे एवढ्यावर लावू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र मालकीची. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, भाच्यानं किंवा करून देणाऱ्यानं स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं असतं. वर्षानं नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाते, त्याची नोकरी पुण्यात लागलेली असते आणि एका सकाळी वेबसाइट बंद! पिशव्यांवर, पाटीवर, गाडीवर छापलेलं नाव वाया जातं. डोमेन तुमच्या नावानं, तुमच्या ईमेलवर, तुमच्या फोन नंबरवर घ्या. पहिल्या वर्षीच्या सवलतीला भुलू नका, दुसऱ्या वर्षीचा दर विचारा. सगळे पासवर्ड लिहून दुकानाच्या कागदपत्रांत ठेवा.

वेबसाइट तयार झाली की दुकानाच्या वायफायवर बघून खूश होऊ नका. घरातल्या अशा कुणाच्या तरी हातात साधा फोन द्या, ज्यानं ती पाहिलेलीच नाही. वायफाय बंद करा आणि सांगा, "किलोचा दर शोध आणि दुकानाला फोन लाव." शेजारी बसा, पण बोलू नका. ज्या जागी त्याचा अंगठा थांबेल आणि तो तुमच्या तोंडाकडे बघेल, तेवढी जागा वहीत लिहा आणि करणाऱ्याला शेवटचा हप्ता देण्याआधी दुरुस्त करून घ्या.

नमस्कार.