पहिलीचं दप्तर भरण्याआधी

(दृश्य: सकाळ. शाळेच्या फाटकातून निघालेली प्रभातफेरी. लेझीम, ताशा, मुलांच्या हातातले फलक.)

एप्रिलचं ऊन नऊलाच चटके द्यायला लागतं. म्हणून शाळापूर्व तयारी मेळाव्याची फेरी साडेसातला निघते. पुढे ताशा, मागे चौथीच्या मुलींचं लेझीम, आणि ज्या घरातलं मूल या जूनला पहिलीत यायचंय त्या दारापुढे मिनिटभर थांबा. यादी अंगणवाडीच्या ताईंकडे असते: ३१ डिसेंबरपर्यंत ज्यांना सहा वर्षं पुरी होतील ती सगळी मुलं. नाव पुकारलं की मूल बाहेर येतं. कुणी धावत, कुणी आईचा पदर धरून.

(दृश्य: वऱ्हांड्यात मांडलेली टेबलं, वर पताका.)

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत २०२२पासून हा मेळावा भरतो. पहिला एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये, शाळा उघडते त्या सुमाराला. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, तिथे तो थोडा पुढे सरकतो. या दोहोंमधली उन्हाळ्याची सुट्टी घरची, आणि खरं काम तेव्हाच व्हायचं असतं.

टेबलं सात. मूल आईचं बोट धरून एकेका टेबलावर जातं आणि त्याच्याबरोबर एक कागद टेबलावरून टेबलावर सरकतो, विकास पत्र. मुलानं काय आपणहून केलं, कशाला मदत लागली, काय अजून जमत नाही, त्याची नोंद त्यावर होते. ही परीक्षा नाही, त्यामुळे पास-नापासही नाही. तरी अर्ध्या आया पहिल्या टेबलावरच विचारतात, "बाई, किती मार्क पडले?"

(दृश्य: पहिलं टेबल. भिंतीला टेकून उभी मुलगी, डोक्यावर आडवी धरलेली पट्टी.)

पहिलं टेबल नोंदणीचं. नाव, जन्मतारीख, उंची, वजन. सगळ्यात लांब रांग इथेच लागते, म्हणून इथे दोन माणसं बसवायची: एक लिहायला, एक मोजायला. चपला काढायच्या, टाचा भिंतीला टेकवायच्या, नजर समोर. भिंतीवर चिकटवलेल्या टेपचा शून्य फरशीलाच आहे ना, हे आदल्या दिवशी बघून ठेवायचं. टेप दोन बोटं वर चिकटली, तर सगळी वाडी दोन बोटं बुटकी निघते. वजनकाटा सतरंजीवर ठेवायचा नाही. खाली मऊ लागलं की आकडा चुकतो. फरशी नसेल तर एखादी सपाट फळी घ्यायची.

(दृश्य: दुसरं टेबल. नाडीत मणी ओवणारी बोटं, अगदी जवळून.)

दुसऱ्या टेबलावर शारीरिक विकास. बाहेर अंगणात चुन्यानं आखलेली रेघ आहे, तिच्यावरून चालायचं, लंगडी घालायची, चेंडू झेलायचा. टेबलावर मात्र काम बारीक: कागद फाडणं, घडी घालणं, मणी ओवणं. मणी ओवायला सुईदोरा देत नाहीत. बुटाची नाडी लागते, तिचं टोक कडक हवं आणि मण्याचं भोक नाडीपेक्षा ऐसपैस. भोक लहान असलं की मूल हरतं, आणि नोंद होते की 'जमत नाही'. चूक मण्याची असते.

आता या मुलाचा अंगठा बघा. मणी अंगठा आणि दोन बोटांत धरलाय, दुसऱ्या हातानं नाडी पुढे सरकतेय. ज्याला ही चिमूट साधते, त्याला पेन्सिल धरायला शिकवावं लागत नाही. ज्याला साधत नाही ते मूल पेन्सिल मुठीत धरतं, दाबून लिहितं आणि चार ओळींत हात दुखतो म्हणतं. अशा मुलाला सुट्टीत पाटी गिरवायला लावू नका. मेथीची जुडी निवडायला द्या, शेंगा फोडायला द्या, कणकेचा गोळा द्या.

(दृश्य: तिसरं आणि चौथं टेबल. पानांच्या जोड्या, मुलांशी बोलणाऱ्या ताई.)

तिसरं टेबल बौद्धिक विकासाचं: सारख्या वस्तू वेगळ्या काढायच्या, जोड्या लावायच्या, लहानापासून मोठ्यापर्यंत क्रम लावायचा. चौथं सामाजिक आणि भावनिक विकासाचं. घरी कोण कोण आहे, राग कधी येतो, मित्र कोण? इथे एक नियम कडक पाळायचा: आईनं दोन पावलं मागे उभं राहायचं. नाही तर ताई विचारतात मुलाला आणि उत्तर येतं आईकडून.

(दृश्य: पाचवं टेबल. बाजाराचं मोठं चित्र.)

पाचवं टेबल भाषेचं. चित्र दाखवायचं आणि गप्प बसायचं. मोठ्यांना गप्प बसणं अवघड जातं, पण मूल बोलायला वेळ घेतं. मनातल्या मनात दहा अंक मोजा, तोवर पुढचा प्रश्न टाकू नका. मूल टोमॅटोला टमाटं म्हणालं, भाकरीला भाकर म्हणालं, तर ते बरोबरच आहे. घरची बोली इथे चूक धरत नाहीत. तिथल्या तिथे सुधारलं की मूल पुढचं वाक्य गिळतं.

(दृश्य: सहावं टेबल. चिंचोक्यांचा ढीग. मुलाचं बोट.)

सहाव्या टेबलावर जरा थांबू.

गणनपूर्व तयारी. ताईंनी दहा चिंचोके मांडलेत. मुलगा मोजतोय: एक, दोन, तीन, चार... आणि शेवटी म्हणतो, "अकरा." अंक त्याला शंभरपर्यंत पाठ आहेत, घरी सगळ्यांना म्हणून दाखवतो. चुकलं काय, ते बोटाकडे बघितलं की कळतं. तोंड बोटाच्या पुढे धावतंय. एका चिंचोक्याला दोन अंक पडले, पुढचा एक तसाच राहिला, मग परत दोन.

ताई चूक सांगत नाहीत. एक वाटी पुढे सरकवतात आणि म्हणतात, "मोजलेला वाटीत टाक." आता अंक म्हटल्यावर चिंचोका उचलावा लागतो, वाटीत पडल्याचा आवाज येतो, मगच पुढचा अंक. दहाच भरले. मग ताई वाटी जमिनीवर रिकामी करतात, चिंचोके लांब लांब पसरतात आणि विचारतात, "आता किती?" मूल पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. पसरल्यानं संख्या बदलत नाही, हे अजून बसलेलं नाही. या वयात असंच असतं, घाबरायचं कारण नाही. पण शंभरपर्यंत पाढ्यासारखे म्हटलेले अंक म्हणजे गणित नव्हे, हे आईनं इथे डोळ्यांनी बघितलेलं बरं. घरी जेवायला किती जण बसलेत ते मोजून तेवढी ताटं आणायला सांगा. एक ताट कमी पडलं की मूल स्वतःच परत मोजतं.

(दृश्य: सातवं टेबल. सतरंजीवर गोलात बसलेल्या आया, हातात कार्डं.)

सातवं टेबल पालकांचं. नेमकं हेच रिकामं राहतं, कारण तोवर अकरा वाजलेले असतात आणि शेतावर जायची घाई असते. त्यावर शाळांनी उपाय काढलाय: विकास पत्र सातव्या टेबलावरच हातात मिळतं, आधी नाही.

इथे एका आळीतल्या पाच-सहा आयांचा गट होतो. त्यांतली एक लीडर माता. गटाला आयडिया कार्ड मिळतं, त्यावर त्या आठवड्याच्या कृती चित्रांसह असतात. लिहितावाचता येत नसलं तरी चालतं. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी ओट्यावर बसायचं, कार्ड बघायचं, मुलांकडून करून घ्यायचं. ओटा आलटून पालटून बदला. एकाच घरी जमलं की त्या घराला ओझं होतं आणि तिसऱ्या आठवड्यात गट विरतो. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्या व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ बघतात. ज्यांच्याकडे नाही, त्यांना घेऊनच बसायचं.

कामासाठी बाहेरगावी गेलेल्या घरांची मुलं यातलं काही न करता जूनमध्ये थेट वर्गात येतात. शाळेत नाव दाखल झालं नाही तर पटावरही धरली जात नाहीत, आणि शिक्षकांची पदं ३० सप्टेंबरच्या पटावरच ठरतात.

(दृश्य: कोऱ्या कागदावर कुंकवाच्या पाण्यात बुडवलेली छोटी पावलं.)

आता जून. पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव. परातीत कुंकवाचं पाणी, त्यात पाय, मग कागदावर ठसा. पाणी पातळ केलं तर ठसा ओघळतो, दाट केलं तर टाचेची खूणच उठत नाही. आधी मोठ्या मुलाच्या पायानं एक ठसा घेऊन बघा. कागद वाळल्यावर त्यावर नाव, तारीख.

त्याच दिवशी पाठ्यपुस्तकं मिळतात, मोफत. प्रवेशाला जन्माचा दाखला आणि आधार घेऊन या. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायदा २००९मध्ये तसं स्पष्ट आहे. पाच वर्षांनंतर आधारसाठी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद करावी लागते. पाच ते सात या वयात ती फुकट होते. केंद्रावर जाण्याआधी जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. एका वेलांटीसाठी पुढे वर्षभर खेपा पडतात.

पाच ते सहा वर्षांच्या वयात डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची लस) दुसरा बूस्टर असतो. लसीकरणाचं कार्ड काढून बघा, राहिला असेल तर आरोग्य उपकेंद्रात जाऊन घ्या.

(दृश्य: चुलीवरचं पातेलं, ओळीनं मांडलेल्या ताटल्या.)

दुपारचं जेवण शाळेत. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. मिळून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. वाढण्याआधी मोठ्या माणसांनी चव घ्यायची असते आणि त्यांत एक तरी शिक्षक लागतोच. आयांनी अधूनमधून येऊन बघावं. तिखट जास्त झालं तर पहिलीची मुलं भात बाजूला सारतात आणि उपाशी घरी जातात.

मुलाला दोन गोष्टी घरीच जमू द्या. पाण्याच्या बाटलीचं झाकण स्वतः उघडणं, आणि शौचाला गेल्यावर चड्डी स्वतः काढघाल करणं. हुक-बटणाची नको, इलॅस्टिकची शिवा. पहिल्या आठवड्यात रडारड होते ती बहुतेक यावरूनच.

१० ऑगस्टला जंतनाशक गोळी. अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम, चावून खायची, गिळायची नाही. त्या दिवशी मुलाला ताप असेल तर बाईंना आधी सांगा. राहिलेल्या मुलांसाठी नंतर दिवस ठरलेला असतो.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. बैठकीचा निरोप आला की जा. पोषण आहार, स्वच्छतागृह, गळणारं छप्पर, सगळं तिथेच बोलायचं.

(दृश्य: भिंतीवर खिळ्याला लावलेलं विकास पत्र, वाऱ्यानं हलतंय.)

दुसऱ्या मेळाव्याला हीच सात टेबलं, हीच मुलं. चिंचोके पुन्हा मोजायचे आहेत. येताना विकास पत्र आणा, नोंदी त्यावरच पुढे करायच्या असतात. घरात कुठे ठेवलंय ते आजच बघून ठेवा.