सोपं होतं, आपण अवघड केलं

जगातली पहिली वेबसाइट टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत काम करताना सगळ्यांसाठी खुली केली. तिची प्रत सर्नने जपून ठेवली आहे, आजही बघता येते. घरी गेल्यावर ती उघडा आणि जरा छळून बघा. मोबाइलवर बघा, अक्षरं चौपट मोठी करा, माऊस काढून टाका, डोळे मिटून स्क्रीन रीडरने, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने, ऐका. काही मोडत नाही. ते पान लिहिलं तेव्हा आजचे स्मार्टफोन नव्हते आणि सुलभतेचे, म्हणजे अपंगांसह सगळ्यांना वेबसाइट वापरता यावी यासाठीचे, नियमही नव्हते. डब्ल्यूसीएजी या नावाने आपण ओळखतो त्या नियमांची पहिली आवृत्ती १९९९ ची.

ते पान देखणं आहे असं मी म्हणणार नाही. नुसता मजकूर आणि लिंक, बाकी काही नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. सुलभता म्हणजे काम संपल्यावर वरून जोडायचं काहीतरी, असं आपण धरून चालतो. मला हा हिशेब उलटा वाटतो. साधं, नीट लिहिलेलं एचटीएमएल (वेबपानं लिहायची भाषा) बहुतेकांना वापरता येतंच. आपण मेहनत घेऊन, पैसे मोजून त्यात अडथळे उभे करतो आणि मग ते काढायला वेगळं बजेट मागतो.

बटणाचंच घ्या. एचटीएमएलमध्ये त्यासाठी ‘बटन’ असाच टॅग, म्हणजे खूण, आहे. तो वापरला की टॅबची कळ दाबत तिथे पोचता येतं, एंटर आणि स्पेसबार दोन्हींनी ते चालतं, स्क्रीन रीडर ‘पाठवा, बटण’ असं वाचतो, बटण बंद असेल तर तेही सांगतो. यातल्या कशासाठीही तुम्हाला कोड लिहावा लागत नाही. पण टॅगचं मूळ रूप डिझाइनमध्ये बसत नाही म्हणून कुणीतरी एक डिव्ह, म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेली नुसती चौकट, घेतो, कोपरे गोल करतो, रंग भरतो, क्लिक जोडतो. डोळ्यांना ते बटण दिसतं. टॅब मात्र त्याला ओलांडून पुढे जातो आणि स्क्रीन रीडरच्या लेखी तो नुसता एक शब्द असतो. तक्रार आली की त्याच डिव्हला टॅबने पोचता यावं म्हणून टॅबइंडेक्स, मग ‘हे बटण आहे’ असं सांगणारा रोल, मग एंटरसाठी कोड, मग स्पेसबारसाठी आणखी कोड. जे फुकट मिळत होतं ते आपण हाताने पुन्हा घडवत बसतो, तेही अर्धवट. मूळ टॅगलाही सीएसएसने, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेने, हवं ते रूप देता येतं. कोणती गोष्ट काय आहे हे स्क्रीन रीडरला सांगणारी ‘एरिया’ नावाची तांत्रिक लेबलं ज्यांनी बनवली, त्यांच्या मार्गदर्शनातलासुद्धा पहिला नियम असा आहे की मूळ टॅगने काम होत असेल तर आमचं लेबल लावूच नका.

आणि टॅब फक्त दृष्टिहीन लोक वापरतात असं समजू नका. ज्यांचा हात थरथरतो, ज्यांचं मनगट प्लास्टरमध्ये आहे, जे एका स्विचने कॉम्प्युटर चालवतात, ते सगळे याच वाटेने येतात. त्यांना आपण कुठे आहोत हे कळायला एक चौकट दिसते. ती ‘डिझाइन बिघडवते’ म्हणून सीएसएसच्या एका ओळीने काढून टाकली जाते. पटत नसेल तर तुमच्या माऊसचा बाण दिवसभर अदृश्य करून काम करून बघा.

स्क्रीन रीडर वापरणारा माणूस पान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐकत नाही. आपण जशी पानावरून नजर फिरवतो तसा तो शीर्षकांवरून उड्या मारतो. एनव्हीडीए किंवा जॉज या स्क्रीन रीडरमध्ये ‘एच’ दाबलं की पुढचं शीर्षक. तुम्ही शीर्षकाचा टॅग न वापरता साध्या परिच्छेदाची अक्षरं नुसती ठळक केली असतील, तर उडी मारायला जागाच उरत नाही. तो लिंकची यादीही वेगळी काढून ऐकतो. त्या यादीत ओळीने ‘इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा’ आलं तर त्याने काय निवडायचं?

मराठी पानांचं यात एक खास दुखणं आहे. तयार टेम्प्लेट घेताना पानाची भाषा ‘इंग्रजी’ अशी नोंदवलेली असते आणि ती बदलायची राहून जाते. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज निवडू शकतो, आणि त्या आवाजाला देवनागरी येत नसेल तर तो ती गाळतो किंवा काहीतरी भलतंच बोलतो. दुरुस्ती दोन अक्षरांची आहे : ‘ईएन’च्या जागी ‘एमआर’.

रंगांबद्दल फार बोलत नाही. नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, हवा. काळ्यावर पांढरं म्हणजे २१ ला १, तेव्हा जागा भरपूर आहे. तरी वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटची मुखपृष्ठं तपासते आणि फिकट अक्षरं हा दोष दरवर्षी पहिला येतो. चित्रांबद्दलही एकच : ऑल्टमध्ये, म्हणजे चित्राऐवजी वाचल्या जाणाऱ्या मजकुरात, चित्रात काय दिसतं ते लिहू नका, ते तिथे कशासाठी आहे ते लिहा. शोभेसाठी असेल तर ऑल्ट रिकामा ठेवा, पण टॅगमधून उडवू नका. उडवला तर स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचायला लागू शकतो.

फॉर्मवर मात्र मला थांबायचंय, कारण लोक वेबसाइटवर काम उरकायला येतात आणि ते काम बहुतेक वेळा फॉर्ममध्येच अडतं. चौकटीच्या आत फिकट अक्षरांत ‘जन्मतारीख’ लिहायचं, वर लेबल नाही. टायपायला लागलं की ती सूचना गायब. मध्येच फोन आला, परत आलात, की कोणत्या चौकटीत काय भरत होतात ते आठवत बसा. यात दृष्टीचा काही संबंध नाही, हे कुणाचंही होतं. मग चूक झाली की चौकट नुसती लाल. ज्याला लाल-हिरवा फरक कळत नाही त्याला काहीच दिसलं नाही, आणि ज्याला लाल दिसलं त्यालाही काय चुकलं ते कळलं नाही. ‘अवैध माहिती’ हे वाक्य तर मी कायमचं हद्दपार करेन. ‘मोबाइल नंबरमध्ये एक आकडा कमी आहे’ असं सांगा. नंबरात मोकळी जागा सोडली म्हणून माणसाला परत पाठवू नका. ती जागा काढणं तुमच्या कोडचं काम आहे. आणि एका चुकीसाठी बाकीचा भरलेला फॉर्म कोरा करणं हा निव्वळ उद्धटपणा आहे.

पासवर्ड पेस्ट करू न देणं हाही त्यातलाच प्रकार. सुरक्षिततेच्या नावाखाली ते केलं जातं, आणि माणूस सोपा, लक्षात राहील असा पासवर्ड ठेवतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये यावर स्पष्ट निकष आहे : लॉगिनसाठी पाठांतराची किंवा कोड्यांची परीक्षा घ्यायची असेल तर दुसरी वाट द्या. पासवर्ड मॅनेजर आणि पेस्ट चालू ठेवलं तरी पुष्कळ काम होतं.

एका ओळीचा कोड टाका, कोपऱ्यात चिन्ह येईल आणि वेबसाइट सुलभ होईल, असं सांगून काही उत्पादनं विकली जातात. माझं मत विचाराल तर घेऊ नका. ज्याला मोठी अक्षरं लागतात त्याने ती आपल्या फोनमध्ये आधीच मोठी केलेली असतात. तुमच्या पानाने ती सेटिंग पाळावी, एवढंच त्याचं मागणं असतं. डिव्हचं बटण ते चिन्ह खात्रीने दुरुस्त करू शकत नाही.

‘एवढं कुणासाठी?’ असा प्रश्न कुणी विचारेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे सहा माणसांमागे एक.

दुसरा प्रश्न सुलभता आपोआप तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा. जरूर वापरा, पण ऑल्टच्या बाबतीत तो आहे की नाही एवढंच ते खात्रीने सांगतं. तो बरोबर आहे का हे माणसालाच ठरवावं लागतं. एनव्हीडीए मोफत आहे. पुढच्या आठवड्यात तुमचा जो फॉर्म बाहेर पडणार आहे तो घ्या, स्क्रीन बंद करा आणि एनव्हीडीएवर ऐकत, नुसत्या की-बोर्डने शेवटपर्यंत भरा. पहिल्यांदा तुमचाच हात त्या प्रोग्रॅमवर बसलेला नसतो, तेव्हा अडलात म्हणजे फॉर्मच वाईट असं लगेच ठरवू नका. रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला बोलवा, त्याच्या वेळेचे पैसे द्या आणि तो भरत असताना शेजारी गप्प बसा. तो कुठे मागे फिरतो तेवढं लिहून घ्या.